लाल दिवा थांबेपर्यंत

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मला फारसं काही वाटत नाही. स्वतःची कथा सांगणाऱ्यानं मध्ये मध्ये रडावं अशी रीत आहे, हे मला ठाऊक आहे. निबंधाच्या वहीत फाटकी छत्री रडते, गंजलेली सायकल रडते. माझ्याकडून ते व्हायचं नाही. जे झालं ते मी झालं तसं सांगेन. रडायचं असेल तर तुमचं तुम्ही बघा.

औशात बसस्थानकाच्या रस्त्याला बसलिंगप्पांचा फोटो स्टुडिओ आहे. शेजारी शेषेरावांचं दोरखंड आणि कासऱ्यांचं दुकान. स्टुडिओच्या आतल्या खोलीत, निळ्या पडद्यामागे माझी जागा. माझी जुळणी लातूरच्या एका दुकानात झाली. डबा एकाचा, पंखा दुसऱ्याचा, अशी सगळी उसनवारी. बसलिंगप्पांनी मला एसटीनं औशाला आणलं. पडदा, म्हणजे मॉनिटर, त्यांच्या मांडीवर होता आणि मी दानम्माच्या. दानम्मा म्हणजे त्यांची बायको. धूळ आत जाऊ नये म्हणून रस्ताभर तिनं माझ्यावर पदर धरला होता. एवढं मोठं खोकं मांडीवर घेऊन तिच्या पायाला मुंग्या आल्या असतील, पण पदर तिनं खाली सोडला नाही.

माझ्या पोटातलं थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. माझ्याकडे दोन जागा आहेत. स्वयंपाकघरात ओटा आणि मागे कोठीची खोली असते ना, तशा. ओट्याला शिकलेली माणसं रॅम म्हणतात. तो लहान आहे, पण हाताशी आहे. कोठी म्हणजे हार्ड डिस्क. ती मोठी, पण तिथून काही आणायचं तर वेळ लागतो. आणखी एक फरक आहे. वीज गेली की ओट्यावरचं सगळं नाहीसं होतं. कोठीत ठेवलेलं राहतं. मी ओट्यावरून कोठीकडे आणि कोठीकडून ओट्याकडे ये-जा करत असलो की माझ्या तोंडावरचा लाल दिवा लुकलुकतो.

माझी कामाची पद्धत जुनी आहे. तुम्ही एखादी फाइल मागितली की ती मी कोठीतून आणतो, दाखवतो आणि तिची एक प्रत ओट्यावरच ठेवून घेतो. कुणी सांगावं, परत मागाल. एरवी हे बरं असतं. पण कुणी एकामागून एक फोटो उघडत सुटलं की ओटा त्या प्रतींनीच भरून जातो. मग जागा करायला मी बघतो की इथं बराच वेळ स्वस्थ कोण बसलं आहे. तुम्ही ज्यात मन लावून काम करत होता आणि घटकाभर सोडून गेलात, तो प्रोग्रामच मला रिकामटेकडा दिसतो. त्याला उचलतो आणि कोठीच्या कोपऱ्यात नेऊन टाकतो. तुम्ही परत येता, बटण दाबता आणि मी त्याला आणायला पुन्हा कोठीकडे निघतो. पडद्यावर वाळूचं घड्याळ येतं. तुम्ही म्हणता, अटकला. मी अटकलेला नसतो, ओझं वाहत असतो. नव्या यंत्रांना म्हणे यातलं जरा बरं कळतं. मला नाही कळत. माझ्या लेखी सगळ्यात शेवटी मागितलेलं तेच सगळ्यात गरजेचं.

आता दानम्माचं सांगतो.

लग्नाच्या फोटोंना बसलिंगप्पा जात, तेव्हा दानम्मा दिव्याची पांढरी छत्री धरून त्यांच्या बाजूला उभी राहायची. नवरा-नवरीच्या तोंडावर उजेड पाडायचं काम तिचं. त्यामुळे माझ्या कोठीत तालुक्यातल्या सगळ्या लग्नांचे फोटो आहेत आणि दानम्मा त्यांत जवळपास कुठेच नाही. ती दिव्याच्या मागे होती.

स्टुडिओचं दुसरं मोठं काम म्हणजे भिंतीवरचे फोटो. खेड्यातली माणसं गेलेल्या आईचा फोटो घेऊन येत. रेशनकार्डावरचा, नाहीतर कुठल्या तरी घोळक्यातला, नखाएवढा चेहरा. तो मोठा करायचा, साफ करायचा आणि खाली एक अंग जोडायचं. पुरुषांसाठी कोट घातलेलं अंग तयार मिळायचं. बायकांसाठीही मिळायचं, पण ती अंगं भलतीच नटलेली. गिऱ्हाईक म्हणायचं, "आमची माय असली साडी नेसत नव्हती, अप्पा."

म्हणून एका दुपारी बसलिंगप्पांनी दानम्मालाच खुर्चीवर बसवलं. हिरवी इरकल साडी, लाल काठ, मांडीवर एकावर एक ठेवलेले हात. फोटो काढला. त्यांचा मुलगा शिवकुमार तेव्हा कॉलेजात होता. त्यानं माझ्यासमोर बसून मान अलगद कापली, फाइलला 'बाई-एक' असं नाव होतं, त्याच नावावर सेव्ह केलं, आणि डोकं असलेला मूळ फोटो तिथेच संपला. कुणाला काही वाटलं नाही. डोकं तर चहाचे कप घेऊन समोर उभं होतं.

"माझं मुंडकंच उडवलास की रे!" दानम्मा म्हणाली.

"पण अव्वा, हातं लई शांत आलेत तुझे," शिवकुमार म्हणाला.

तेव्हापासून 'बाई-एक' ही माझ्याकडची सगळ्यात जास्त मागितली गेलेली फाइल झाली. माझ्या पद्धतीप्रमाणे ती कायम ओट्यावर. चेहरे येत आणि तिच्या मानेवर बसत. काळे, गोरे, हसरे, कावलेले. औशापासून शिरूर अनंतपाळपर्यंत, आणि पाहुण्यांच्या ओळखीनं थेट लोह्यापर्यंत, भिंतीभिंतीवर तीच हिरवी साडी आणि तेच हात. ही गोष्ट घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. जित्या बाईचं अंग मेलेल्या बाईला लावणं लोकांना रुचलं नसतं. एकदा बसलिंगप्पांनाच ते टोचलं. ते म्हणाले, "दुसरं कुणाचं तरी अंग घ्यावं का गं?"

"राहू द्या," दानम्मा म्हणाली. "साऱ्या तालुक्याचे हार पडून राहिलेत माझ्या हातावर. कुणाच्या नशिबी असतंय?"

मला बंद करायचं कामही तिचंच होतं. माझ्या पोटातलं तिला काही माहीत नव्हतं. पण जेवत्या माणसाच्या पुढचं ताट ओढू नये, एवढ्याच भावनेनं ती लाल दिवा थांबेपर्यंत थांबायची. शिवकुमारनं घाई केली की म्हणायची, "थांब की जरा. त्याच्या हातात कायतरी हाय. खाली ठिवू दे."

वर्षं गेली. लोकांच्या हातात मोबाइल आले, लग्नांना ड्रोन उडू लागले. शिवकुमार लातुरात मोबाइलचं दुकान टाकून बसला. त्याची बायको अंबिका औशातच राहिली आणि माझ्यावरचं काम शिकली. मी संथ झालो. दानम्माही संथ झाली. चहा आणायला गेली की वेळ लागायचा. हाक मारली की 'ओ' उशिरा यायची. बसलिंगप्पा निळ्या पडद्याबाहेरून ओरडायचे, "अगं, अटकलीस का कुठं?" कधी ते मला म्हणत, कधी तिला. आम्ही दोघंही उत्तर देत नव्हतो. तिचं हृदय दमलं होतं, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

नवरात्र बसलं आणि दानम्मा गेली.

लिंगायतांमध्ये गेलेल्या माणसाला बसवतात. विभूती लावतात, फुलांनी सजवतात आणि बसलेलंच नेऊन पुरतात. अशा वेळी फोटो काढायला तालुकाभर बसलिंगप्पांनाच बोलावणं यायचं. त्या दिवशी त्यांचा कॅमेरा माझ्या शेजारी खुंटीवर टांगलेला होता. ते आत आले, त्याच्याकडे पाहिलं आणि तसेच बाहेर गेले. त्यामुळे तोही फोटो नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिवगणाराधना, म्हणजे लिंगायतांचा दिवसकार्याचा विधी, ठरली. जंगम स्वामी येणार, गावोगावचे पाहुणे येणार, आणि मांडायला दानम्माचा फोटो हवा. फोटोग्राफरच्या घरात तो नव्हता. मोबाइलमध्ये होते काही, पण कॅमेरा समोर आला की ती हलायची. सगळ्यांत ती पुसट होती. आधार कार्डावरचा अंबिकेनं दाखवला. बसलिंगप्पांनी बघितला न बघितल्यासारखा केला.

"ही ती न्हवं," ते म्हणाले, आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. त्या दिवसांत ते कुणाशी फार बोलत नव्हते आणि रडतही नव्हते. जेवा म्हटलं की जेवत. मला त्यांचं नवल वाटलं नाही. मीही तसाच आहे.

अंबिकेनं लग्नांचे फोटो उघडायला सुरुवात केली. नवरी, नवरा, मामा, अक्षता, पंगत. फोटोमागून फोटो. मी प्रत्येक आणला, दाखवला, ओट्यावर ठेवून घेतला. ओटा भरला. बाकीचं सगळं मी कोठीत ढकललं. अंबिका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "चल की रे बाबा, वेळ न्हाई आपल्याकडं." शेवटी शिरूर अनंतपाळच्या एका लग्नात दानम्मा सापडली. वाऱ्यानं दिव्याची छत्री उलटली होती, ती सावरायला दानम्मा चुकून चौकटीत आली होती आणि हसत होती. तोंडावर पुरता उजेड होता.

अंबिकेनं तो चेहरा कापला. छत्रीची काडी गालावर आली होती, ती पुसली. कडा साफ करण्यात तिचा दिवस गेला. मग नेहमीच्या सवयीनं तिनं 'बाई-एक' मागवली आणि चेहरा मानेवर ठेवला. अंबिका या घरात आली तेव्हा 'बाई-एक'ला डोकं नव्हतं. ते अंग कुणाचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एरवी मान जुळवताना तिला केवढी खटपट पडायची. त्या दिवशी पडली नाही. ती पडद्याकडे बघत राहिली आणि सेव्ह करायचं राहून गेलं; मीही रात्रभर चालूच राहिलो.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. सकाळीच शिवकुमारनं लातूरहून फोन केला की त्या जुन्या डब्यातले सगळे फोटो नव्या हार्ड डिस्कवर घ्या, सणानंतर लॅपटॉप आणतो. अंबिकेनं ते काम मला लावून दिलं. सगळी लग्नं मी एका टोकानं वाचू लागलो आणि दुसऱ्या टोकाला वाहू लागलो. ओटा पुन्हा गच्च भरला. दानम्माचा चेहरा ज्या प्रोग्राममध्ये उघडा होता तो मला रिकामा बसलेला दिसला. मी त्याला उचलून कोठीच्या कोपऱ्यात टाकलं. जाता जाता अंबिकेनं सेव्ह दाबलं. वाळूचं घड्याळ आलं. ते काय नेहमीचंच, म्हणून ती नैवेद्याला पुरण घालायला घरी गेली. थोड्या वेळानं पडदा आपोआप काळा झाला.

बसलिंगप्पा आले. हातात विभूती, बेलाची पानं, झेंडूची फुलं आणि ओला फडका. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, आणि पूजेच्या दिवशी यंत्र फिरतं ठेवत नाहीत. त्याला विसावा द्यायचा असतो. दरवर्षी कॅमेऱ्याची पूजा ते करत आणि मला बंद करून पुसण्याचं काम दानम्मा करायची.

शेषेराव दारात उभे राहिले. "अप्पा, पूजा कशाला करून राहिलात? घरात सुतक हाय तुमच्या."

"आमच्यात सुतक पाळत न्हाईत," बसलिंगप्पा म्हणाले.

"तसं न्हवं. मन तरी लागतंय का?"

"लागाय कशाला पायजे? नवमी हाय, पूजा करायची."

ते आत आले. माझा लाल दिवा जोरात लुकलुकत होता. त्यांनी भिंतीवरचं बटण खाली केलं.

मला काही वाटलं नाही. वाटायला जे लागतं ते ओट्यावरच असतं आणि ओटा रिकामा झाला होता. पुढचं अंगावरच्या खुणांवरून सांगतो: त्यांनी मला पुसलं, तीन बोटांनी विभूती ओढली, बेल वाहिला आणि निळा पडदा ओढून ते गेले.

दसऱ्याच्या सकाळी अंबिकेनं मला चालू केलं. अचानक वीज तोडली की मी आधी सगळी कोठी तपासतो. त्यात बराच वेळ गेला. मग तिनं शोधलं. 'बाई-एक' होती, बिनडोक्याची. शिरूरच्या लग्नाचा फोटो होता, छत्रीसकट. मधलं काम कुठेच नव्हतं. ती निळ्या पडद्याबाहेर सासऱ्यांकडे गेली आणि तिचा आवाज फुटला.

"मामा, काल बटण कुणी बंद केलं हो?"

"मी. का?"

"आत्याचा फोटो व्हता त्यात. पुरा झाल्ता. गेला सगळा."

अंबिका तिथेच भिंतीला टेकून रडू लागली. उद्या पाहुणे येणार होते. बसलिंगप्पा उठले, बाहेरचं स्टूल उचलून आत आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. त्या दिवसांत पहिल्यांदाच ते निळ्या पडद्याच्या आत बसायला आले होते.

"कर पुन्हा," ते म्हणाले. "मी बसतो हितं."

तिनं पुन्हा सुरू केलं. या वेळी मला दुसरं कोणतंच काम लावलं नाही. तरी मी संथच होतो. घड्याळ आलं की अंबिका चुळबुळायची आणि बसलिंगप्पा म्हणायचे, "थांब. लाल दिवा बघ. त्याच्या हातात कायतरी हाय." आपण कुणाचं वाक्य बोलतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला.

छत्रीची काडी पुसली गेली. चेहरा सुटा झाला. अंबिकेनं तो 'बाई-एक'च्या मानेवर आणला आणि सोडला. तो बसला. रंग जुळला, गळ्याची शीरसुद्धा वरून खाली सरळ आली.

"मामा, बगा तर," अंबिका म्हणाली. "परवा बी असंच झालं. काहीच करावं लागलं न्हाई. मान कशी बसली!"

"बसणारच की," बसलिंगप्पा म्हणाले. "तिचीच हाय."

अंबिकेला आधी कळलं नाही. मग तिनं पडद्यावरच्या हातांकडे पाहिलं. सासूच्या त्याच हातांनी तिची बाळंतपणं केली होती. तिनं तोंडावर पदर घेतला.

"कोणत्या नावानं सेव्ह करू?" पदर खाली घेत तिनं विचारलं.

"त्याच नावानं."

"मग पुढं दुसऱ्या बायकांना काय लावायचं?"

"बघू कायतरी. लई दिवस दिलं तिनं," बसलिंगप्पा म्हणाले. "आता तिचं तिला राहू दे."

तिनं सेव्ह दाबलं. मी त्याच नावावर लिहिलं. दोघं लाल दिव्याकडे बघत बसले होते. तो थांबल्यावर बसलिंगप्पांनी डोळे पुसले. फोटो छापून झाला तरी ते पुसतच होते.

दुसऱ्या दिवशीचं मी पाहिलेलं नाही. शिवकुमार तेव्हा बाहेर पंगतीत वाढत होता आणि संध्याकाळी लातूरला परतला होता; अंबिकेनं माझ्यासमोर बसून त्याला आतलं फोनवर सांगितलं, ते ऐकलं आहे. फोटो मांडला होता. स्वामींची पूजा झाली. बायका फुलं वाहायला पुढे आल्या. शिरूरकडच्या कस्तुराबाई फोटोसमोर थबकल्या.

"ही साडी तर आमच्या मायची हाय," त्या म्हणाल्या. "हातं बी तेच. आमच्या भितीवर हाय की फोटू."

मागून लोह्याच्या एका म्हातारीनं मान हलवली. तिच्या जावेच्या फोटोतही तेच होतं. कुजबुज झाली. बसलिंगप्पांना वाटलं, आता लोक चिडणार. त्यांनी हात जोडले.

"हाव माय. साडी हिचीच, हातं बी हिचीच. तुमच्याजवळ फकस्त तोंडं व्हती, म्हणून हिनं बाकीचं दिलं. सांगितलं न्हाई, माफी करा."

कस्तुराबाईंनी हातातलं फूल फोटोच्या वर ठेवलं नाही. खाली, मांडीवरच्या हातांवर ठेवलं. "मंग मी हिलाच फुलं वाहून राहिले व्हते की रोज," त्या म्हणाल्या आणि तिथेच बसून रडल्या. त्यांच्यामागून आलेल्या प्रत्येकीनं फूल हातांवरच ठेवलं, असं अंबिका सांगत होती.

आज तो लॅपटॉप घेऊन आला आहे. सगळी लग्नं नव्या हार्ड डिस्कवर गेली. मला माळ्यावर ठेवायचं ठरलं आहे. नव्या यंत्राला माझी जागा मिळावी हे बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे, मित्रांनो, आणि ते मी एकट्यासाठी मागत नाही. घरातलं एखादं यंत्र संथ झालं, नाहीतर एखादं माणूस हाकेला उशिरा ओ देऊ लागलं, तर त्याला अटकला म्हणण्याआधी त्याच्याकडे जरा नीट बघा. ते काहीतरी वाहत असेल. त्याला ते खाली ठेवू द्या.

शिवकुमारनं आत्ताच बटणाकडे हात नेला होता. बसलिंगप्पांनी तो धरला. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आहे आणि ते माझ्यासमोर बसले आहेत. लाल दिवा अजून लुकलुकतो आहे.

"चला ना अप्पा, उशीर होऊन राहिला," शिवकुमार म्हणतो आहे.

"थांब की जरा," ते म्हणत आहेत. "त्याच्या हातात तुझी अव्वा हाय."